गरसाल्याचा भोंगा

गरसाल्याला भोंगा बसवायला कोण जाणार, असं आतो, म्हणजे श्रीयुत, मेकुरियासाहेबांनी विचारलं तेव्हा आमच्या विभागातले सगळे एकाएकी कामाला लागले. जो गृहस्थ सकाळपासून दात कोरत बसला होता त्याने फाईल उघडली. दुसऱ्याने बंद असलेला फोन उचलून त्यात गंभीरपणे मान हलवायला सुरुवात केली. माझा चष्मा नवा होता, त्यामुळे खाली नेमकं कुठे बघायचं हे ठरवण्यात माझा थोडा वेळ गेला. तेवढ्यात साहेबांची आणि माझी नजरानजर झाली.

"अस्रात, तूच जा. जबाबदार माणूस पाहिजे," साहेब म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "विभागप्रमुखाची जागा रिकामी आहे, माहीत आहे ना? भोंगा बसवून ये, मग बघू आपण."

आमच्या खात्याचं काम लोकांपर्यंत माहिती पोचवणं. आदिस अबाबात आमची मोठी इमारत आहे आणि तिच्या तिसऱ्या मजल्यावरची माहिती चौथ्या मजल्यावर पोचायला साधारण एक पावसाळा लागतो. तरीही अफारच्या वाळवंटातल्या, नकाशावर शोधायला भिंग लागेल अशा गावाला आपल्या माहितीवाचून अडलं आहे, याबद्दल वरच्या सगळ्यांचं एकमत होतं. पाण्याच्या टाकीवर एक भोंगा बसवायचा आणि त्यातून सरकारी सूचना सांगायच्या, की झालं गाव जागृत. मला गाव जागृत होण्याशी काही कर्तव्य नव्हतं. मला ती जागा हवी होती. विभागप्रमुखाला स्वतःची खोली असते, खोलीला दार असतं, आणि दार आतून लावता येतं. इतकी वर्षं जिन्यासमोरच्या टेबलावर बसून, येणाऱ्या जाणाऱ्याला 'संडास कुठे आहे' हे सांगण्यात घालवलेल्या माणसालाच त्या दाराची किंमत कळेल.

घरी येऊन मी बायकोला, येशीला, जागा मिळालीच म्हणून सांगितलं.

"मिळाली की मिळणार?" तिने विचारलं.

"एकच आहे ते."

"मग पगार मिळाला की मिळणार हेही एकच समजू का?" म्हणून ती चुलीवरचं शिरोचं पिठलं ढवळायला आत गेली. लग्नाला वीस वर्षं झाली की बायकांच्या बोलण्यातला आदर असा कमी होतो.

आमच्या वसाहतीत एकाला प्रवासाला जायचं असेल तर तयारी चार मजले करतात. खालच्या मजल्यावरचे आतो लाकेव निवृत्त शाळा तपासनीस. ते अफारला कधी गेलेले नाहीत, पण एकदा जाता जाता राहिले होते, म्हणून ते त्या विषयातले तज्ज्ञ. "अस्रात, तिकडे उन्हात अंडं फुटतं. छत्री ने. लसूण खिशात ठेव, डास येत नाहीत. आणि त्या लोकांच्या कमरेला वाकडा सुरा असतो, त्याच्याकडे बघायचं नाही."

"मग कुठे बघायचं?"

"उंटाकडे बघ. पण त्याच्या डोळ्यांत नको."

मी लसूण, छत्री, येशीने भाजून दिलेला सातू आणि शेजारच्या म्हातारीने दिलेली तीर्थाची बाटली एवढं सामान गोळा केलं. ऑफिसचं सामान मात्र इतकं सहज जमलं नाही. भोंगा भांडारात होता. भोंग्याची तार विजेच्या भांडारात होती, कारण तार ही वीज. खिळे-स्क्रू बांधकामाकडे होते, आणि बांधकामवाल्याचं म्हणणं असं की भोंगा ही काही इमारत नव्हे. शेवटी स्क्रू मी घरच्या कपाटाचे काढून नेले. त्या कपाटाचं दार अजून सुतळीने बांधलेलं आहे.

प्रवासाच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी दुपारी, आमची बस डोंगर उतरून खालच्या माळावर आली आणि मधेच थांबली. रस्त्यात दोन अफार मेंढपाळ खांद्यावर आडव्या काठ्या टाकून उभे होते. ड्रायव्हर खाली उतरला, त्यांचे हात हातात घेतले आणि तिघे बाभळीच्या चार काड्यांच्या सावलीत उकिडवे बसले. बस उन्हात. मी खिडकीतून विचारलं, "अहो, काय झालं? टायर गेला का?"

"दागू चाललाय," मागचा एक जण म्हणाला. "बातम्या. आता पहिल्यापासून सांगायला पाहिजे."

अफार माणूस वाटेत भेटला की बसायचं, आणि आपण काय पाहिलं, काय ऐकलं ते सगळं त्याला द्यायचं, त्याच्याकडचं सगळं घ्यायचं. कुठे पाऊस पडला, कोणाची उंटीण व्याली, कोण कोणाशी भांडलं. ते झाल्याशिवाय कोणी उठत नाही. मी अर्धा तास छत्री उघडून बसमध्ये बसलो. मग त्यांतला एक खिडकीशी आला आणि मला म्हणाला, "तू आदिसचा. तुझी बातमी?"

"देवाची कृपा. सगळं ठीक," मी म्हणालो. आदिसमध्ये कोणी काय विचारलं तरी आम्ही हेच म्हणतो. घर जळत असलं तरी आधी हेच म्हणतो.

तो हलेना. "एवढ्या मोठ्या शहरातून आलास आणि काही घडलंच नाही?" त्याच्या चेहऱ्यावर संशय होता आणि कमरेला सुरा होता. बस सुटावी, एवढीच माझी इच्छा. मी म्हणालो, "गरसाल्याला भोंगा बसवायला चाललोय. उद्घाटनाला आमचे मोठे साहेब येणार आहेत."

"कधी?"

"शुक्रवारी."

तो समाधानाने गेला आणि बस सुटली. आता या वाक्याबद्दल मला दोष देण्याआधी एक लक्षात घ्या. आदिसमध्ये 'मोठे साहेब येणार आहेत' ही बातमी नसते. रांग सरळ करायची असेल, चहा लवकर हवा असेल, जिना झाडून घ्यायचा असेल, तर आम्ही हे म्हणतो. आमच्या इमारतीत मोठे साहेब रोज येणार असतात. कोणते साहेब, असं अजून कोणी विचारलेलं नाही.

संध्याकाळी मी गरसाल्यात उतरलो. गाव म्हणजे एक पाण्याची टाकी, एक मशीद, काही पत्र्याची दुकानं आणि इकडेतिकडे पसरलेल्या, चटयांच्या घुमटाकार झोपड्या. चहाचं दुकान हसना नावाच्या बाईचं. तिने माझ्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाली, "या अस्रातदादा. छत्री उघडून बसमध्ये बसलात म्हणे. बरं केलंत, ऊन आहे. आणि साहेब शुक्रवारी."

मी बसने आलो होतो. ते मेंढपाळ चालत निघाले होते, तेही उलट्या दिशेने. माझ्याआधी बातमी कशी आली हे मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तुमची बस किती वेळा थांबली? बातमी कशाला थांबेल?"

दुसऱ्या दिवशी मी टाकीवर चढून भोंगा बसवला. कपाटाचे स्क्रू बरोब्बर बसले. फोनला रेंजही फक्त टाकीखालीच येत होती, म्हणून माईक आणि यंत्र तिथे हसनाच्या बाकड्यावर ठेवलं. सगळं गाव बघायला आलं. मी घसा खाकरला आणि खात्याच्या नियमाप्रमाणे म्हणालो, "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग."

पाणी प्यायला आलेले उंट जे उधळले, ते दिसेनासे झाले. त्यात हसनाचा एक होता. ती कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली. मी घाईघाईने भोंग्यावरून सूचना दिली की उंट हरवला आहे, सापडल्यास कळवावे. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. एक म्हातारा म्हणाला, "पळाला तो आम्ही सगळ्यांनी पाहिला. इथल्यांनाच काय सांगतोस?" दुपारपर्यंत कोणी तरी वाटसरू उंट घेऊन हजर झाला. त्याने भोंगा ऐकलाच नव्हता. त्याला दोन टेकड्यांपलीकडे एका बाईने सांगितलं होतं, शिवाय हेही सांगितलं होतं की भोंगेवाला उंट पळाल्यावर बाकड्याखाली गेला होता. माझं पेन खाली पडलं होतं, म्हणून मी गेलो होतो. पण ती दुरुस्ती आता कोण करणार?

गुरुवारी सकाळी मी तोंड धुवायला बाहेर आलो आणि माळावर माणसंच माणसं. उंट बसलेले, चटया अंथरलेल्या, शेळ्या बांधलेल्या. मला वाटलं बाजार आहे.

"साहेबांसाठी आलेत," हसना म्हणाली. "कोणाला विहीर मागायचीय, कोणाला डॉक्टर. ती म्हातारी दिसते ना, ती सुनेच्या तक्रारीसाठी आलीय, तिला मी समजावलं, पण साहेब मोठे आहेत म्हणते. तीन दिवसांच्या वाटेवरून आलेत काही."

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. तीन दिवसांची वाट दोन दिवसांत तुडवून आलेली माणसं माझ्याकडे मोठ्या आपुलकीने बघत होती. एकाने मला दुधाचं भांडं दिलं. ते मी प्यालो, आणि मला आयुष्यात दूध कधी इतकं कडू लागलं नव्हतं.

"आणि समजा," मी हसनाला हळूच विचारलं, "साहेब नाहीच आले तर?"

ती कप विसळायची थांबली. "म्हणजे खोटी बातमी दिलीत?"

"समजा म्हणालो."

"खोटी बातमी देणाऱ्याला एक वळू दंड. तो देता येतो. पण नंतर त्याच्याकडून कोणी दागू घेत नाही आणि त्याला देत नाही. माझ्या आत्याच्या दिराचं तसं झालं. धाकट्या भावाचं लग्न झालं हे त्याला भावाला पोर झाल्यावर कळलं."

मला त्या दिराशी देणंघेणं नव्हतं. पण गरसाल्यात माझं कोणी ऐकलं नाही, तर भोंगा चालला असा अहवाल मी कशाच्या जोरावर देणार? आणि अहवाल नाही म्हणजे जागा नाही, खोली नाही, दार नाही. एका फालतू वाक्यापायी.

दुपारी हुमदबाबांनी मला बोलावलं. हुमदबाबा म्हणजे गावातले सगळ्यांत मोठे, मेंदी लावलेली लाल दाढी, एक डोळा अधू. ते बाभळीखाली बसले होते आणि भोवती सगळा माळ बसला होता. मी उभा राहिलो. त्यांनी खुणेने बसवलं.

"साहेब येणार, हे तू पाहिलंस की ऐकलंस?"

"ऐकलं," मी म्हणालो.

"कोणाच्या तोंडून?"

"ऑफिसात सगळे म्हणत होते."

"सगळे म्हणजे कोण? नावं सांग."

मी शिंक आल्यासारखं केलं. ते थांबले. शिंक येत नाही असं पाहून म्हणाले, "साहेब स्वतः म्हणाला का? बसून म्हणाला की चालता चालता? चालता चालता म्हटलेलं आम्ही अर्धंच धरतो."

आमच्या खात्याच्या चौकशी समित्या मी पाहिल्यात. तीन तीन वर्षं बसतात, बिस्किटं खातात आणि चौकशी करायचं ठरवून उठतात. या म्हाताऱ्याने मला चार प्रश्नांत कोपऱ्यात गाठलं होतं. घाम पुसून मी म्हणालो, "बाबा, साहेबांनाच विचारू या. फोन आहे की."

"हे बरोबर," ते म्हणाले. "ज्याची बातमी त्याच्या तोंडून. सगळ्यांना ऐकू येईल?"

तेव्हा मला वाटलं, हाच तो क्षण. खात्याचा भोंगा खात्याच्या कामाला येतोय, साहेब चारशे माणसांपुढे 'येतो' म्हणतील, पुढचं पुढे. साहेबांनी कशालाही आजवर नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. टाकीखाली येऊन मी यंत्र चालू केलं, फोन लावला आणि आवाज मोठा करून धरला. हुमदबाबांनी माईक स्वतःच्या मुठीत घेऊन फोनला टेकवला.

"कोण? अस्रात? पोचलास का रे बाबा?" साहेबांचा आवाज माळावर घुमला. उंटांनी या वेळी नुसते कान हलवले.

"पोचलो साहेब. भोंगा बसला. लोक जमलेत. तुम्ही उद्या येणार ना उद्घाटनाला?"

"मी? तिकडे? वेड लागलंय का तुला?" मग खो खो हसणं. "बरं, लोक विचारतायत का? मग सांग येतो म्हणून. सांगायला काय जातं आपलं? उद्या म्हणावं गाडी बिघडली."

मी माईककडे हात नेला. हुमदबाबांनी मूठ घट्ट केली. "बातमी मधे तोडायची नसते," ते पुटपुटले.

"आणि हे बघ," भोंगा पुढे बोलू लागला, "तू परत यायची घाई करू नकोस. त्या जागेची ऑर्डर काल निघाली. आमच्या मेहुण्याला बसवलाय. तू इथे असतास तर तोंड पाडून समोर बसला असतास, मला बघवलं नसतं. म्हणून तर तुला तिकडे धाडला. भोंगा काय, शिपायानेही बसवला असता. राहा आठवडाभर, उंटाचं दूध पी." आणि फोन ठेवल्याचा आवाजसुद्धा चारशे माणसांनी ऐकला.

कोणी हसलं नाही. हसले असते तर मीही हसून वेळ मारून नेली असती, त्याची मला चांगली सवय आहे. पण बाजारात येऊन जाऊन ज्यांना आमची भाषा कळत होती ते, ज्यांना कळत नव्हती त्यांना शेजारी बसून हळू आवाजात सगळं सांगत होते, एक शब्द न गाळता, मेहुण्यासकट. ते मला ऐकू येत होतं. मला रडू आलं. मी चष्मा पुसायला काढला आणि पुसतच राहिलो.

हुमदबाबांनी माईक बाकड्यावर ठेवला. "बातमी याची नव्हती," ते म्हणाले, "त्या मेकुरियाची होती. हा पिशवी होता, पिशवीला दंड नाही. वळू मेकुरियाने द्यायचा." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी ते वाक्य बसमध्ये स्वतः जुळवलं होतं हे सांगायला माझं तोंड उघडलंही होतं, पण न्याय इतका झटपट झाला की मधे बोलणं मला उद्धटपणाचं वाटलं.

माणसं उठू लागली. मग एक उंटवाला माझ्यापुढे येऊन उकिडवा बसला. "मला उत्तरेला जायचंय. बातमी अर्धी आहे. त्याने असं केलं. आता तू काय करणार?"

उठलेले सगळे पुन्हा बसले.

असले प्रसंग घरी जेवण झाल्यावर माझ्यावर पुष्कळदा येतात आणि मी त्यांतून नेहमी वीरासारखा बाहेर पडतो. त्याच सवयीने मी म्हणालो, "काय करणार म्हणजे? साहेबांच्या खोलीत जाणार, समोर उभा राहणार आणि विचारणार, हे माझ्याशीच का केलंत."

"कधी?"

"सोमवारी सकाळी," मी म्हणालो. इतकं बोलून होईपर्यंत पहिला उंट उठला होता. मी त्याच्या मागे चार पावलं धावलोसुद्धा. "अहो, तसं अगदी नक्की नाही," मी म्हणालो. पण तो चालायला लागला होता, आणि चालता चालता म्हटलेलं तिथे अर्धंच धरतात.

परतीच्या बसमध्ये मला कोणी न सांगता पुढची जागा दिली. आदिसला पोचलो तेव्हा जिन्यात आतो लाकेव उभेच होते. गुरं घेऊन येणाऱ्या ट्रकवाल्याने बाजारात सांगितलं, बाजारातून लोणीवालीने वसाहतीत आणलं. "सोमवारी सकाळी ना?" त्यांनी विचारलं. "लसणाचा उपयोग झाला का?"

येशीने सदरा इस्त्री करून ठेवला होता. मी म्हणालो, "अगं, बघू, जरा वेळ पाहून."

ती सुतळीने बांधलेल्या कपाटाला टेकून उभी राहिली. "वीस वर्षं मी जेवणानंतर तुमचं ऐकतेय," ती म्हणाली. "त्यातलं एक तरी होऊ द्या." तिच्या आवाजात नेहमीची थट्टा नव्हती.

सोमवारी मी तिसऱ्या मजल्यावर गेलो तेव्हा आमचा विभाग पुन्हा कामाला लागला. साहेब खोलीत होते. मला पाहून हसले. "ये ये अस्रात. काळा पडलास की. अरे, पुढच्या वेळी नक्की बघू आपण तुझं."

"नक्की म्हणजे काय, साहेब? खाली दोघे बसलेत. त्यांना सांगायचंय."

साहेबांनी खिडकीतून वाकून पाहिलं. फुटपाथवर दोन अफार माणसं काठ्या आडव्या ठेवून उकिडवी बसली होती. ती गुरांच्या ट्रकबरोबर आली होती आणि ट्रक त्यांनी थांबवून ठेवला होता.

"त्यांना माझं नाव माहीत आहे?"

"वडिलांच्या नावासकट. तुमच्यावर एक वळूही आहे." मी टेबलाची कड धरली. "हे माझ्याशीच का केलंत?"

साहेबांनी पेन उचललं, ठेवलं, पुन्हा खिडकीकडे पाहिलं. मग पहिल्यांदाच ते माझ्याशी हसल्याशिवाय बोलले. "कारण तू काही बोलणार नाहीस हे माहीत होतं. दुसऱ्या कोणाला डावललं असतं तर त्याने इमारत डोक्यावर घेतली असती. तुझं तसं नाही. आता विचारतोयस म्हणून सांगतो, जागा तुला मिळणार नाही. यंदाही नाही आणि पुढेही नाही."

मी जिना उतरलो. खाली त्या दोघांच्या समोर, इस्त्रीच्या सदऱ्यासकट, फुटपाथवर उकिडवा बसलो आणि झालं ते सगळं सांगितलं. मी काही बोलणार नाही म्हणून हे केलं, हेही सांगितलं. ते मी दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा नीट.

"पाहिलंस की ऐकलंस?" एकाने विचारलं.

"ऐकलं. त्याच्याच तोंडून, तो बसलेला असताना."

त्यांनी माझा हात हातात घेतला, काठ्या उचलल्या आणि ट्रकमध्ये चढले. ट्रक कोपऱ्यावरून वळला तेवढ्यात वर तिसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली.

"अस्रात, त्या लोकांना थांबव," साहेब ओरडले. "बघू आपण काहीतरी. म्हणावं, साहेब उद्या सांगतो म्हणाले."

वरच्या सगळ्या खिडक्यांत आमचा विभाग उभा होता. मी उठलो, गुडघे झटकले आणि रस्त्यापलीकडच्यालाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणालो, "नाही, साहेब. गेले ते."